हिरवं पाणी निवळताना

१

गुरुदत्त बापट हौदाच्या तळाशी पालथे पडलेले सापडले, आणि पोलीस यायच्या आधीच त्यांना कोणी मारलं याचा निकालही लागून गेला होता. अंगणातला जो तो एकाच बाईकडे बोट दाखवत होता.

ती बाई, भामा, फाटकाजवळ मच्छीच्या रिकाम्या डब्यांना टेकून बसली होती. रडत नव्हती. बाजारातून घाण घेऊन ती परत आली, हौदात डोकावली आणि तिनेच पहिली बोंब मारली. आता तीच आरोपी झाली होती.

सहायक निरीक्षक पद्मजा नाखवा जीपमधून उतरली तेव्हा अग्निशमन दलाने प्रेत वर काढून चादरीखाली ठेवलं होतं. ऊन असं, की सुकापूरच्या त्या बिनझाडांच्या प्लॉटवर उभं राहवेना. पनवेलात होळीपासून आभाळात ढगाचा ठिपका दिसला नव्हता.

बापट सरांचा हा प्रकल्प म्हटलं तर साधा होता, म्हटलं तर जादूचा. मच्छी बाजारात आणि भाजी मंडईत उरलेली घाण इथे यायची. ती हौदात कालवायची, बंद टाकीत कुजवायची, तिचा गॅस काढायचा. मागे उरलेलं पाणी अंगणातल्या काचेच्या नळ्यांत सोडायचं, तिथे ऊन खाऊन शेवाळ वाढायचं. शेवाळातून तेल काढायचं, तेलातून डिझेल. ऊन आणि घाण यांना जगात कोणी विचारत नाही, त्यांच्यावर गाड्या चालवायच्या, असं हे बापट सरांचं वेड होतं. दुपारी परदेशी पाहुणे ते बघायला यायचे होते. ते आलेही, आणि आरडाओरडा ऐकून फाटकातूनच परत गेले.

पद्मजाने आधी हौद बघितला. खोल, जमिनीखालचा, लोखंडी शिडीचा. कुजक्या मासळीचा विषारी वायू त्यात साचतो, म्हणून तो खेचून काढणारा पंखा वर बसवलेला. पंख्याच्या तोंडाशी लाल रिबन बांधलेली होती. पंखा चालू असला की रिबन फडफडणार, बंद असला की लोंबणार. आत्ता ती लोंबत होती. शेजारी पाटी: ‘पंखा बंद असेल तर आत एक श्वासही घेऊ नका. वर यायला वेळ मिळत नाही.’ अक्षर वळणदार, सुबक.

अग्निशमनवाल्यांचा स्वतःचा पंखा घरघरत होता. त्याच्या भरवशावर नाकाला रुमाल लावून पद्मजा शिडी उतरली. तळाशी चिखल, आणि भिंतीतून आलेला एक जाड पाइप. त्याच्या तोंडाचे बोल्ट अर्धेअधिक काढलेले होते. काढलेले बोल्ट शिडीच्या खालच्या पायरीवर स्वच्छ रुमालावर ओळीने मांडून ठेवले होते, देवघरात सुपाऱ्या मांडाव्यात तसे. पान्हा चिखलात पडला होता. ते बोल्ट ती बराच वेळ बघत राहिली.

वर आल्यावर हवालदार विठू पाटलांनी शेडच्या बुटक्या पत्र्याकडे हात केला. तिथे सौर पॅनेल होते. हौदाचा पंखा आणि नळ्यांतलं पाणी फिरवणारा पंप, दोन्ही त्यांच्यावरच चालायचे. मध्ये बॅटरी नाही, काही नाही. ऊन असलं की चालणार, ऊन गेलं की थांबणार. त्या पॅनेलवर आता एक जुनं लुगडं पसरलेलं होतं आणि त्यावर जवळा, ती बारीक कोलंबी, वाळत घातलेली.

“भामाबाईचा जवळा,” विठू म्हणाले. “आधी पण एकदा तिथेच पसरला होता. सरांनी झापलं होतं म्हणे. बाईने सकाळी परत पसरला, पंखा बंद पडला, सर रिबन बघायला विसरले. संपलं. निष्काळजीपणा लिहायचा आणि मोकळं व्हायचं, मॅडम.”

 पद्मजा नळ्यांपाशी जाऊन उभी राहिली. पंप बंद होता, तरी नळ्यांतलं पाणी पालकाच्या कढणासारखं दाट हिरवं होतं. तळाशी मात्र गाळाची एक बारीक रेघ धरायला लागली होती. तिने ती बघितली आणि तेव्हा तिला तिचं काही वाटलं नाही.

२

भामाशी बोलायला पद्मजा तिच्या शेजारी जमिनीवरच बसली. कुठल्या गावची, असं भामाने विचारलं. करंज्याची, कोळ्याचीच पोर, म्हटल्यावर बाईचा चेहरा जरा सैल झाला. मग ती बोलायला लागली.

सकाळी तिने जवळा पॅनेलवर पसरला होता, हे तिने स्वतःहूनच कबूल केलं. पत्रा बुटका, हाताला येतो, कुत्री-मांजरं चढत नाहीत. पण सर लगेच आले. चिडले नाहीत, हसले. म्हणाले, भामाबाई, तुमच्या जवळ्यापायी माझा जीव जाईल एक दिवस. आणि लुगड्याची दोन टोकं त्यांनी धरली, दोन हिने, आणि दोघांनी मिळून ते खाली अंगणात आणून अंथरलं. मग ती वाहनाबरोबर बाजारात गेली.

“कोन बगितला? कोनीच नाय,” भामा म्हणाली. “बगनारा त्यो चादरीखाली हाय. आता मी काय बी सांगला तरी कोन आयकनार हाय? पन बाय, मी परत नाय गं घातला. त्या मानसाचा मी जीव नाय घेनार.”

भामाचा नवरा गेला तेव्हा याच माणसाने तिला कामावर ठेवलं होतं. तुरुंगाची भीती तिला होतीच. पण त्याहून मोठं काहीतरी तिला खात होतं, हे पद्मजाला दिसत होतं. आपल्या हातून सर गेले असं लोक म्हणणार, आणि म्हणता म्हणता एक दिवस आपल्यालाही तेच खरं वाटायला लागणार, ही ती भीती असावी, असं पद्मजाला वाटलं.

पद्मजा उठून अंगणात गेली. एका कोपऱ्यात जुन्या जाळ्याचा तुकडा पसरलेला होता, चार कोपऱ्यांना चार दगड. कावळ्यांनी जवळा पळवू नये म्हणून वरून टाकायचं जाळं. करंज्याला तिची आई हेच करायची. जाळ्याखाली आता काही नव्हतं, फक्त काही सुटे जवळे मातीला चिकटले होते. कोळणीने जवळा पॅनेलवर घातला असता तर जाळंही वर नेलं असतं. उघड्यावरचा जवळा कावळ्यांना कोण आंदण देतं?

आता पॅनेलवरच्या लुगड्यावर दोन कावळे खुशाल चरत बसले होते. आणि जवळा नीट पातळ पसरलेला नव्हता, मधोमध ढिगाने गोळा झाला होता. कोणीतरी एकट्याने लुगड्याची चारही टोकं धरून गाठोडं उचलावं आणि वर टाकून नुसतं उलगडावं, तसा.

३

भामा खरं बोलत असेल तर ती गेल्यावर कोणीतरी ते लुगडं परत वर नेलं होतं. भामा सोडली तर प्रकल्पावर काम करणारे तिघे होते.

शहजाद तुंगेकर यंत्रं सांभाळायचा. पनवेलचाच, आखातात रिफायनरीत वर्षं काढून परत आलेला. आदल्याच दिवशी त्याचं आणि सरांचं वाजलं होतं, हे विठूंनी आधीच कानावर घातलं होतं. शहजादने ते लपवलं नाही. पंख्याला बॅटरी जोडा, असं तो कानीकपाळी ओरडत होता. सरांचं म्हणणं, बॅटरी दगा देते, ढग दगा देत नाही. ऊन डोक्यावर आलं की रिबन बघून उतरायचं, ढग दिसला किंवा रिबन थांबली की काम टाकून वर यायचं, हा त्यांचा नियम. त्यांनी तो कधी मोडल्याचं शहजादने बघितलं नव्हतं.

आज शुक्रवार, जुम्मा. नमाजला निघण्याआधी त्याने हौदाजवळच्या नळावर वजू केला, हातपाय-तोंड धुतलं, तेव्हा पंखा जोरात चालू होता, पाणी तोंडावर घेतानाही त्याची घरघर कानात होती, असं तो छातीठोकपणे म्हणाला. परत आला तो भामाच्या बोंबेवरच. पॅनेलवरचं लुगडं दिसताच ते ओढायला धावला, तर व्यवस्थापक प्रितेशने त्याचा हात धरला.

“अल्लाह गवाह आहे मॅडम, मी ते खेचणारच होतो. त्याने का थांबवलं ते त्यालाच विचारा,” शहजाद म्हणाला. त्याचे डोळे लाल झाले होते.

प्रितेश घरत हा प्रकल्पाचा व्यवस्थापक, कामोठ्याचा. सकाळपासून तो खारघरच्या हॉटेलात पाहुण्यांबरोबर होता आणि त्यांना घेऊनच आला, तेव्हा भामा ओरडतच होती. हात धरल्याचं त्याने कबूल केलं. सर खाली निपचित पडले होते, जीव केव्हाच गेला होता, पोलिसांना सगळं जसंच्या तसं दिसावं म्हणून कशालाही हात लावू नका म्हटलं, असं त्याचं म्हणणं. सांगताना तो हातातली गाडीची किल्ली सारखी फिरवत होता. कशाची भीती वाटते, असं पद्मजाने विचारल्यावर त्याने इकडेतिकडे बघितलं. सरांनी आदल्या संध्याकाळी फोन करून पाहुण्यांना आणू नकोस म्हणून सांगितलं होतं. तेलाबद्दल एक शंका आहे, ती फिटेपर्यंत कोणाला काही दाखवायचं नाही. प्रितेशने ते ऐकलं नव्हतं. बोलावून ठेवलेल्या पाहुण्यांना काय तोंड दाखवायचं, म्हणून.

तेलाबद्दल शंका, म्हणजे कसली? ते त्याला ठाऊक नव्हतं. तेलाचं सगळं कीर्ती मॅडम बघायच्या.

पद्मजा परत नळ्यांवरून गेली. मघाची रेघ आता बोटभर जाड पट्टा झाली होती. वरचं पाणी फिकं पडत चाललं होतं. ती थांबली. आल्यापासून कोणी त्या नळ्यांना हात लावला नव्हता, तरी त्या मघासारख्या दिसत नव्हत्या.

४

कीर्ती वैद्य प्रयोगशाळेत ताठ बसून होती. खारघरला राहणारी, हुशार, सरांची लाडकी विद्यार्थिनी. शेवाळातून भरपूर तेल निघतं हे तिने सिद्ध केलं म्हणूनच पाहुणे समुद्र ओलांडून आले होते. डोळे सुजलेले, पण उत्तरं नेमकी. पंखा सकाळपासूनच बंद होता, भामाबाई गेल्यानंतर आवाज असा आलाच नाही. सर आज उतरणार आहेत हे तिला माहीत नव्हतं. पाहुण्यांची तयारी होती, खोलीबाहेर ती पडलीच नाही.

पद्मजाने मान डोलावली आणि विषय बदलला. मला यातलं ओ की ठो कळत नाही, म्हणाली, ही नळ्यांची भानगड जरा समजावून सांगा. कीर्तीचा चेहरा एवढ्या दुःखातही उजळला. माणसाला आपल्या मुलाबद्दल विचारलं की होतं तसं ते होतं. ती सांगत गेली. शेवाळ सतत फिरतं ठेवावं लागतं, नाहीतर खाली बसतं. संध्याकाळी ऊन गेलं की पंप आपोआप थांबतो, आणि कुलूप लावून निघेपर्यंत सगळं हिरवं तळाशी, वर पाणी काचेसारखं नितळ. सकाळी ऊन आलं की पुन्हा उठतं. रोज बघते, तरी रोज बघावंसं वाटतं, म्हणाली.

“म्हणजे फार वेळ लागत नाही निवळायला?”

“नाही. तासाभरात आरपार दिसतं.”

पद्मजाने फळीवरच्या हिरवट सोनेरी तेलाच्या बाटल्यांकडे हात केला. हेच का ते? कीर्ती हो म्हणाली. पद्मजाने एक बूच काढून वास घेतला. आल्यापासून तिच्या नाकात मासळीच होती, त्यामुळे पहिल्यांदा तिला काही वेगळं वाटलं नाही. मग बूच बोटांवर चोळलं आणि तिला एकदम बाबांचे हात आठवले. पावसाळ्याआधी होडी वर ओढली की तिच्या लाकडाला माशाचं तेल चोपडायचं, दिवसभर ते काम चालायचं. तो वास साबणाने जात नाही आणि एकदा नाकात बसला की जन्मभर विसरत नाही.

तिने बूच परत लावलं. कीर्ती तिच्या बोटांकडे बघत होती.

५

पद्मजाने शहजादला हौदात उतरायला सांगितलं. अग्निशमनवाल्यांचा पंखा चालू ठेवून, तोंडाला हवेची नळी लावून त्याने उरलेले बोल्ट काढले. बापट सरांनी जे काम अर्धवट सोडलं होतं ते पुरं केलं. पाइप तुंबला म्हणून सर उतरले, असं सगळे समजत होते. तो तुंबलेला नव्हताच. आत वरच्या बाजूला एक बारीक नळी बसवली होती. कालवलेल्या घाणीवर माशांची जी चरबी तरंगते ती तिथून ओढली जाऊन जमिनीखालून प्रयोगशाळेकडे जात होती. ही नळी शहजादने कधी बसवली नव्हती. त्याने वर येऊन ते सांगितलं आणि कोणाकडेही न बघता तो बाजूला जाऊन उभा राहिला.

पद्मजाने सगळ्यांना नळ्यांपाशी बोलावलं. आता हिरवं सगळं तळाला बसलं होतं आणि वरचं पाणी इतकं नितळ झालं होतं, की त्यातून पलीकडचा पत्रा दिसत होता.

ती म्हणाली, बापट सरांनी रिबन बघितली नाही असं सगळे म्हणताहेत. पण खाली बोल्ट काढून रुमालावर ओळीने मांडलेत. विषारी हवेत माणूस एक बोल्ट काढू शकत नाही, तो शिडीवरच कोसळतो. म्हणजे सर उतरले तेव्हा हवा चांगली होती आणि पंखा चालू होता. ते कामात गुंतले आणि त्यानंतर तो थांबला. भामाबाई तेव्हा बाजारात होती, शेकडो लोकांच्या डोळ्यांदेखत. शहजाद मशिदीत, प्रितेश खारघरला. आणि पंखा सकाळपासून बंद असता तर त्याच पॅनेलवरचा पंपही सकाळीच थांबला असता. मग मी आले तेव्हा हे पाणी असं दिसायला हवं होतं, जसं आत्ता दिसतंय. पण तेव्हा ते दाट हिरवं होतं. नुकतंच थांबलेलं होतं. माझ्या डोळ्यांसमोर ते निवळत गेलं.

“निवळायला किती वेळ लागतो ते तुम्हीच मला शिकवलंत, कीर्तीताई,” पद्मजा म्हणाली.

कीर्तीने नळ्यांकडे बघितलं. स्वतःच वाढवलेलं ते शेवाळ आपल्याविरुद्ध साक्ष देईल, हे तिच्या मनातही आलं नसावं. जन्म त्याच्यामागे घालवला आणि नेमकं आजच त्याच्याकडे बघायचं विसरली.

शेवाळातून तेल निघत होतं, पण दाखवण्यासारखं नव्हतं. मग तिने माशांची चरबी हिरवी करून बाटल्यांत भरली. थोडे दिवस, शेवाळ सुधारेपर्यंत, असं स्वतःला बजावत राहिली. सरांना शंका आली आणि ते पाइप उघडायला उतरले. तिला ते खिडकीतून दिसलं, आणि अंगणातलं लुगडं गाठोडं करून तिने पॅनेलवर टाकलं. एवढं पद्मजाने बोलून दाखवलं. 

पंचनाम्याचे फोटो काढून झाले होते. विठूंनी बुटक्या पत्र्यावर हात घालून लुगड्याची टोकं धरली आणि ते अलगद उचललं. कावळे उडाले. कलतं असलं तरी ऊन कडकच होतं. पंखा कुरकुरला आणि घरघरायला लागला. रिकाम्या हौदावर ती लाल रिबन उचलली गेली आणि फडफडू लागली. नळ्यांच्या तळाचं हिरवं हलकेच उठायला लागलं. एवढ्या एका फडक्याचा प्रश्न होता, आणि माणूस गेला.

कीर्तीने दोन्ही कान दाबून धरले. मग ती खाली बसली आणि बोलली.

“मला वाटलं रिबन थांबली की ते वर येतील. नियमच होता त्यांचा. पाइप उघडायचा राहील एवढंच मला हवं होतं.”

“ती पाटी कोणी लिहिली?” पद्मजाने विचारलं. “वर यायला वेळ मिळत नाही, असं लिहिलेली?”

 कीर्तीचं ते वळणदार अक्षर तिथल्या प्रत्येकाच्या ओळखीचं होतं.

“त्यांनी हाक मारली होती?”

“एकदाच.” तिचा आवाज ऐकू येईनासा झाला होता. “कीर्ती, ढग आलाय का गं, बघ जरा, म्हणाले. मी लुगड्यापाशीच उभी होते. मी बोलले नाही.”

शहजादने तोंड फिरवलं.  पद्मजाबरोबर आलेल्या महिला पोलीस कीर्तीला घेऊन जीपकडे गेल्या.

पद्मजा फाटकाशी गेली. भामा अजून तिथेच डब्यांना टेकून होती. तुझ्यावर काही नाही, घरी जा, असं पद्मजाने सांगितलं. भामाला ते ऐकू आलं की नाही कोण जाणे. तिच्या डोक्यात दुसरंच चाललं होतं.

“बाय,” ती म्हणाली, “मरताना सायबाला वाटला आसंल ना, भामानंच परत जवला घातला म्हनून?”

दिवसभर पोटात धरून ठेवलेलं ते हेच होतं. पद्मजा तिच्यासमोर उकिडवी बसली आणि तिचे खारट, खरखरीत हात तिने हातात घेतले.

“नाही. त्यांना वाटलं, ढग आला.”

भामाने मान वर करून बघितलं. सुकापूरवर सगळीकडे लख्ख मोकळं आभाळ होतं. ते बघता बघता, सकाळपासून पहिल्यांदाच, ती रडायला लागली.